तणाचा गुण आणि डोळ्यांची साक्ष

शेतातल्या तणांविषयी बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास विचारला जातो: जे गवत खुरपून बांधावर फेकायचं, तेच कुणाच्या काविळीवर, कुणाच्या नायट्यावर, कुणाच्या दम्यावर औषध म्हणून कसं चालतं? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, जरा हळू आवाजात: खरंच चालतं का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि बहुतेक वाद त्यांची गल्लत झाल्यामुळे होतात. एका बाजूला आजीच्या बटव्यात सगळ्या रोगांवर उतारा होता असं मानणारे असतात, दुसऱ्या बाजूला या सगळ्याला अडाणी समजूत म्हणून हात झटकणारे. दोघेही सगळ्या तणांना एकाच मापाने मोजतात. या प्रकरणाचं म्हणणं असं, की काही उपाय भरवशाचे ठरले आणि काही फसवे, याचं कारण तणाइतकंच आजारातही शोधावं लागतं. गुण आला की नाही हे जिथे पाहणाऱ्याला लवकर आणि स्पष्ट दिसतं, तिथे लोकांची पारख पुष्कळदा खरी निघाली. जिथे आजार आपोआपच ओसरतो, किंवा औषधाचा अपाय महिन्यांनी उमटतो, तिथे त्याच माणसांची तीच पारख चुकली.

१. तणात औषध सापडतंच कसं?

आधी तण म्हणजे काय ते ठरवू. आपण न लावता, आपल्याला नको त्या जागी, पिकाच्या वाट्याचं पाणी आणि खत खात उगवलेली वनस्पती ती तण. तण ही वनस्पतीची जात नाही, शेतकऱ्याशी असलेलं तिचं नातं आहे. लव्हाळा आणि हराळी ही याची ठळक उदाहरणं. जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांचा आढावा घेणारा लिरॉय होम आणि सहकाऱ्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याला आणि दुसरा हराळीला मिळाला. लव्हाळ्याच्या जमिनीखाली गाठींची माळ असते. नांगराने ती तुटली की तुटलेली प्रत्येक गाठ नवं रोप काढते, म्हणून नांगरून तो कमी होण्याऐवजी पसरतो. पण याच सुगंधी गाठी म्हणजे आयुर्वेदातला मुस्ता. ताप आणि जुलाबावरच्या कितीतरी काढ्यांत त्या पडतात. आणि हराळी तर गणपतीला वाहायची दूर्वा. घोळणा फुटला, म्हणजे नाकातून रक्त आलं, की तिचा रस नाकात सोडायची रीत महाराष्ट्रभर आहे.

एकच वनस्पती उपद्रवीही आणि उपयोगीही, हा योगायोग नाही. पहिलं कारण साधं आहे: तण जवळ असतं. खुरपताना हात कापला, पोरग्याला बांधावर उलटी झाली, बैलाच्या खांद्याला आवटण आलं, तर हाताशी असतं ते तणच. कोकणात बेणणी, देशावर खुरपणी, विदर्भात निंदणी. नाव कोणतंही असो, हे काम बहुतेक करून बाया करतात. प्रत्येक रोप दर हंगामात हजारो वेळा त्यांच्या हातून जातं. कोणत्या पानाने हाताला खाज सुटते, कोणत्या देठातून चीक येतो, कोणतं रोप शेळी तोंडात घेऊन थुंकते, ही माहिती त्यांच्याकडे आपसूक जमा होते. तणांविषयीच्या लोकज्ञानाचा मोठा भाग बायकांचा आहे आणि तो पोथ्यांत क्वचितच त्यांच्या नावावर नोंदला गेला, हे इथे ठळकपणे सांगितलं पाहिजे.

पण जवळ आहे म्हणून वापरलं, एवढंच कारण असेल तर गुण असण्याची हमी मिळत नाही. इथे दुसरं कारण उपयोगी पडतं. वनस्पतीला पळता येत नाही, म्हणून खाणाऱ्यापासून ती रसायनांनी बचाव करते. पॉल फीनी या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक विचार मांडला. दीर्घायुषी झाडं नजरेआड राहू शकत नाहीत, त्यामुळे ती साल आणि पानं तुरट, पचायला जड पदार्थांनी भरून टाकतात. काही आठवड्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या छोट्या वनस्पतींना एवढा साठा परवडत नाही. त्या थोड्या प्रमाणातही जहाल ठरणारे पदार्थ बनवतात: मज्जातंतूंवर, हृदयावर, आतड्यांवर थेट परिणाम करणारे. औषधाला अशीच द्रव्यं लागतात, कारण शरीराच्या कामात जे ढवळाढवळ करू शकतं तेच बिघडलेलं काम वळवू शकतं. जॉन रिचर्ड स्टेप आणि डॅनियल मोरमन यांनी २००१ मध्ये मेक्सिकोतल्या माया समाजाच्या आणि उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या औषधी वनस्पतींची मोजदाद केली. तिथल्या एकूण वनस्पतींत तणांचा जो वाटा होता, त्यापेक्षा औषधांच्या यादीतला त्यांचा वाटा बराच मोठा निघाला. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की तणात औषध शोधणं मुळीच वेडगळपणाचं नाही. मात्र जे द्रव्य औषध ठरतं ते वनस्पतीने विष म्हणून बनवलेलं आहे, हे पुढच्या सगळ्या विवेचनात विसरायचं नाही.

२. एकदांडी स्वीकारली, गाजरगवत नाकारलं

लोकौषधांविषयी एक समज फार पक्का आहे: ही विद्या हजारो वर्षांची, ऋषिमुनींपासून जशीच्या तशी चालत आलेली. एकदांडी या एकाच तणाने तो समज मोडतो. एकदांडी म्हणजेच दगडी पाला किंवा कंबरमोडी. लांब उभ्या दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं, कडेला पांढऱ्या पाकळ्या, पानं खरखरीत. कोकणापासून विदर्भापर्यंत कुठेही विचारा, विळा लागला तर हिचा पाला चुरगळून जखमेवर दाबतात असंच उत्तर येईल. पण ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. युरोपियन जहाजांच्या फेऱ्या सुरू झाल्यानंतर ती इकडे आली, तेव्हा चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिचा उपयोग असणं शक्य नाही. म्हणजे गेल्या काही शतकांत कुणीतरी हे परकं गवत पाहिलं, जखमेवर लावून बघितलं, गुण दिसला म्हणून शेजारणीला सांगितलं, आणि ते महाराष्ट्रभर पसरलं. याकडे मी लोकविद्येचा मोठा सन्मान म्हणून पाहतो. ती जपून ठेवलेला ठेवा तर आहेच, शिवाय आजही चालू असलेली चाचणी आहे.

चाचणी म्हटली की नापास होणारेही हवेत. गाजरगवत हे तसं उदाहरण. एकदांडीच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातलं हे तण पुण्याच्या परिसरात आढळल्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्या काही दशकांत त्याने देशभरची रानं व्यापली. त्याच्या अमेरिकेतल्या मायभूमीत काही ठिकाणी ते घरगुती उपचारांत वापरतात. इथे मात्र लोकांनी त्याला औषधांत थारा दिला नाही. ते उपटणाऱ्यांच्या हाता-मानेवर पुरळ उठलं, कातडी जाड होऊन काळवंडली. पुण्याच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात हा त्वचारोग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवला. अपाय लगेच आणि उघड दिसला, म्हणून निकालही लगेच लागला.

इथे कुणी रास्त शंका घेईल. किरकोळ कापल्याचं रक्त तर पाचसात मिनिटांत आपोआप थांबतं, मग एकदांडीचं श्रेय ते काय? शंका बरोबर आहे आणि हराळीच्या रसालाही ती तितकीच लागू पडते. घोळणा फुटल्यावर नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरला तरी रक्त बहुधा थांबतं. पण हंगामात अनेकदा हात कापून घेणारी बाई पाला लावलेल्या आणि न लावलेल्या जखमांची तुलना नकळत करत असते. जखम चिघळली की खपली धरली हेही तिला दिसतं. शिवाय उंदरांवरच्या प्रयोगांत एकदांडीच्या अर्काने जखम भरायला मदत होते असं आढळलं आहे. तेवढ्यावरून माणसांसाठी ते सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही, पण लोकांची पारख पोकळ नव्हती एवढं नक्की. त्या पारखेतून निसटली ती दुसरीच गोष्ट: धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, न धुतलेल्या पाल्याबरोबर ते जखमेत जाऊ शकतात, आणि आजार उमटेपर्यंत बरेच दिवस उलटलेले असतात. तोवर जखम भरलेलीही असते. पाल्याचा आणि मरणाचा संबंध कोण जोडणार? म्हणून जखम आधी स्वच्छ पाण्याने धुणं आणि धनुर्वाताची लस घेतलेली असणं, या दोन गोष्टींना पाला हा पर्याय नाही.

३. जिथे गुण डोळ्यांना दिसतो

टाकळा पहिल्या पावसात उगवतो. विदर्भात त्याला तरोटा म्हणतात, गोव्यात तायकिळो. कोवळ्या पानांची भाजी होते आणि जून पाला किंवा बी वाटून नायट्यावर, गजकर्णावर लावतात. नायटा एका रात्रीत जात नाही आणि कपड्याआड असला तरी नजरेआड नसतो. त्याची कड वाढते आहे की आकसते आहे हे कुणालाही दिसतं. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचं द्रव्य असतं. याच गोत्राची द्रव्यं असलेली ‘गोवा पावडर’ एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्वचारोगांवर प्रसिद्ध होती. ती मूळची ब्राझीलच्या एका झाडाची भुकटी, पोर्तुगीज व्यापारातून गोव्यामार्गे आलेली. तिच्यातल्या द्रव्यावरूनच पुढे १९१६ मध्ये डायथ्रॅनॉल हे औषध तयार झालं, ते सोरायसिसवर आजही वापरात आहे. तेव्हा टाकळा चोळणाऱ्याचा हात चुकीच्या दिशेला गेला नव्हता. ही द्रव्यं कातडी भाजूही शकतात, म्हणून तोंडाजवळ, जांघेत किंवा लहान मुलाला हा लेप लावणं टाळावं.

आघाड्याची गोष्ट आणखी पुढे जाते. श्रावणात जिवतीला आणि भाद्रपदात पत्रीत जाणारा हा काटेरी तुऱ्याचा आघाडा जाळून त्याची राख पाण्यात विरघळवतात, गाळतात आणि ते पाणी आटवून क्षार काढतात. निवडुंगासारख्या दिसणाऱ्या थोराचा चीक, हा क्षार आणि हळद यांची मिळून २१ पुटं दोऱ्याला चढवली की क्षारसूत्र तयार होतं. ते भगंदराच्या वाटेतून ओवून बांधतात आणि ठरावीक दिवसांनी बदलतात. दोरा हळूहळू मांस कापत जातो आणि आतला पू वाहून जात राहतो. ही जुनी रीत वाराणसीच्या काशी हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकापासून पुन्हा नीट वापरात आणली गेली. मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी तिची तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत क्षारसूत्राने जखम भरायला सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. पण वर्षभरात भगंदर उलटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेत ११ टक्के होतं, क्षारसूत्रात ४ टक्के. भगंदर हा आपोआप बरा होणारा आजार नाही. त्यामुळे ‘बरा झाला’ या शब्दांना इथे वजन येतं, आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या वैद्याने केवळ पाहून बांधलेला अंदाज आधुनिक चाचणीतही टिकला.

तिसरं उदाहरण धोतऱ्याचं, आणि त्यात गुण आणि जीवघेणेपणा एकाच पानात आहेत. दम्याचा ॲटॅक आलेल्या माणसाला धोतऱ्याच्या वाळक्या पानांचा धूर ओढायला देण्याची रीत भारतात फार पूर्वीपासून होती. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी ती पाहिली, आणि १८०२ च्या सुमारास ती इंग्लंडला पोहोचली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ धोतरावर्गीय पानांच्या ‘दम्याच्या सिगारेटी’ युरोपात विकल्या गेल्या. धोतऱ्यातल्या अ‍ॅट्रोपिनसारख्या द्रव्यांनी श्वासनलिका सैल पडतात. त्याच अ‍ॅट्रोपिनवरून बनवलेलं इप्राट्रोपियम आज नेब्युलायझरमधून दिलं जातं. छाती मोकळी झाली हे रुग्णाला काही मिनिटांत कळतं; पारखेला यापेक्षा अनुकूल परिस्थिती मिळणार नाही. अ‍ॅट्रोपिनचा आणखी एक उपयोग आपल्या शेतीशी जोडलेला आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीतल्या ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषावर रुग्णालयात जे इंजेक्शन देतात, ते अ‍ॅट्रोपिनचंच.

म्हणून कुणी धोतऱ्याचं बी चावायला दिलं तर मात्र रुग्ण हातचा जाईल. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या त्याच्या ग्रंथात, चाकर मालकांना धोतरा खायला घालून भ्रमिष्ट करतात आणि घर लुटतात, हे नोंदलेलं आहे. अडचण मात्रेची आहे. एकाच झाडाच्या दोन मिरच्या चाखल्या तर एक फिकी आणि दुसरी जहाल निघते. माती, पाणी आणि पक्वता बदलली की तिखटपणा बदलतो. धोतऱ्यातल्या विषाचं तसंच आहे, फरक इतकाच की मिरचीची चूक जिभेला कळते आणि धोतऱ्याची कळते तेव्हा भान गेलेलं असतं. इंजेक्शनमध्ये मिलिग्रॅम मोजलेला असतो, पानात नसतो. आधुनिक औषधाने धोतऱ्याचा गुण शोधला नाही, तो लोकांनी शोधला. आधुनिक औषधाने त्याचं माप बसवलं, आणि या वनस्पतीच्या बाबतीत माप हेच सर्वस्व आहे.

धोतरा गणपतीच्या पत्रीत असतो, म्हणून तो औषधी आणि निर्धोक, असाही युक्तिवाद ऐकू येतो. पत्रीत माका आहे, आघाडा आहे, डोरली आहे. धोतरा, रुई आणि कण्हेरही आहेत, आणि हे शेवटचे तिन्ही विषारी आहेत. पत्री गोळा करण्याच्या निमित्ताने घरातल्या मुलांना परिसरातली झाडं ओळखता येतात, हा मोठा लाभ आहे. ओळख आणि मात्रा या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत आणि पत्री फक्त पहिली शिकवते.

४. कावीळ: जिथे सगळ्यांनाच गुण येतो

तणांच्या औषधांत सर्वांत मोठा लौकिक काविळीच्या औषधाचा. भुईआवळा त्यात अग्रभागी: शेतात, बांधावर वीतभर वाढणारा, पानांखाली मोहरीएवढ्या आवळ्यांची रांग धरणारा. कावीळ उतरवणारे म्हणून प्रसिद्ध असलेले कितीतरी जण हाच पाला ताकातून किंवा दुधातून देतात, आणि हजारो लोक मनापासून सांगतात की आम्ही त्याने बरे झालो. ते खोटं बोलत नाहीत. तरीही त्यांच्या साक्षीवरून औषधाचा गुण ठरत नाही. का, ते एका हिशेबाने पाहू.

दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा हेपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. तिच्यात धडधाकट माणसाचं यकृत काही आठवड्यांत स्वतःच सावरतं. समजा, एका गावात पावसाळ्यात १०० जणांना अशी कावीळ झाली आणि सगळ्यांनी एकाच घरचं औषध घेतलं. त्यातले ९९ बरे झाले, एक दगावला. आता औषधाऐवजी सगळ्यांना साधं ताक दिलं असतं तरी जवळजवळ हेच आकडे आले असते. पण गावात औषधाचे ९९ साक्षीदार फिरतात आणि ते खरंच सांगतात. जो गेला त्याच्याविषयी ‘उशिरा आणलं’ किंवा ‘पथ्य मोडलं’ असं म्हटलं जातं. या व्यवस्थेत निरुपयोगी औषधही कधीच नापास होऊ शकत नाही. दोष औषध देणाऱ्याच्या हेतूचा किंवा गावकऱ्यांच्या बुद्धीचा नाही. आजारच असा आहे की तो सगळ्यांच्या डोळ्यांवर पडदा टाकतो.

भुईआवळ्याची तुलना करून परीक्षा झाली, तो इतिहास तर फार बोलका आहे. मद्रासचे त्यागराजन आणि हेपॅटायटिस बीच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले बारूक ब्लुमबर्ग यांच्या चमूने १९८८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. हेपॅटायटिस बी अंगात मुरलेल्या ज्या ३७ जणांना भुईआवळ्याची पूड दिली, त्यांतल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्या २३ जणांत ती फक्त एकाची गेली. जगभर खळबळ उडाली, जागोजागी हाच प्रयोग पुन्हा केला गेला. तसा निकाल मात्र इतरांना मिळाला नाही. मुंबईत केलेल्या चाचणीचा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट नकाराचा होता, आणि २०११ मध्ये सगळ्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हाही दिखाऊ गोळीपेक्षा त्याचा लाभ पटण्यासारखा दिसला नाही. एक झळाळता निकाल आणि नंतरचे अनेक फिके निकाल, यांत आपण पहिलाच लक्षात ठेवतो. आजही भुईआवळ्याच्या बाटल्यांच्या जाहिरातींमागे तोच उभा असतो.

यावर आक्षेप येतो: नाहीतरी बरंच व्हायचं असेल, तर घोटभर पाल्याचा रस घेतल्याने बिघडलं काय? बहुतेकांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते ज्याची कावीळ साधी नसते त्याचं. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत हेपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण फार वाढतं. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकूनही कावीळ होते, आणि क्षयाच्या गोळ्यांनीही. या सगळ्यांत अंग पिवळंच होतं. पाला घेण्यात गेलेले दोन आठवडे साध्या काविळीच्या पहिल्या रुग्णाला काहीच महाग पडत नाहीत, अशा दुसऱ्या रुग्णाला सर्वस्व महाग पडतात. आपण पहिला की दुसरा, हे रक्त तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

५. उशिरा दिसणारं विष

आतापर्यंत गुणाविषयी बोललो. अपायालाही हाच नियम लागू आहे. लगेच उमटणारा अपाय लोकांनी अचूक टिपला. रुईच्या चिकाने डोळा जातो, हे खेड्यात लहान मुलालाही माहीत असतं. महिन्यांनी उमटणारा अपाय मात्र निसटला. मध्य प्रदेशातल्या (आता छत्तीसगडमधल्या) सरगुजा जिल्ह्यात १९७५ मध्ये लोकांची पोटं पाण्याने फुगू लागली. यकृतातल्या बारीक शिरा बुजून बरेच जण दगावले. शोध घेता असं निघालं, की गोंदली या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या जातीतल्या एका तणाचं बी मिसळलं होतं. अन्न तेच, चूल तीच, आजार कित्येक आठवड्यांनी. दोन्हींचा धागा तपासणीविना जुळलाच नसता. याच प्रकारची यकृत बिघडवणारी द्रव्यं भुरुंडीत आणि ओसाडीतही आहेत, आणि ओसाडीचा पाला आपल्याकडे जखमेवर लावतात. जखमेवर कधीतरी लावणं आणि रोज पोटात घेणं यांत मोठा फरक आहे. पण कुणी ‘रोज उपाशीपोटी’ म्हणून अशा पाल्याचा रस सांगू लागलं, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर ही त्याच्या निर्धोकपणाची हमी होत नाही, कारण हा अपाय पिढ्यांना दिसलेलाच नाही.

कासविंद्याचं प्रकरण वेगळ्या कारणाने चकवणारं. खोकल्यावरचं औषध आणि भाजलेल्या बियांची कॉफी म्हणून तो ओळखला जातो. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं हिवाळ्याच्या सुरुवातीला लहान मुलं बेशुद्ध होऊन दगावत होती, आणि तो विषाणूंमुळे होणारा मेंदूज्वर समजला जात होता. विपिन वशिष्ठ आणि टी. जेकब जॉन यांच्या चमूने २००७ मध्ये दाखवून दिलं, की खेळता खेळता मुलांनी कासविंद्याच्या शेंगांतलं बी खाल्लं होतं. लक्षणं तापाच्या साथीसारखी असली की गुन्हेगार वनस्पती साथीच्या गर्दीत लपते. टाकळ्याची भाजी खुडणाऱ्यांनी या दोघांतला फरक ओळखायला हवा: टाकळ्याच्या पानात छोट्या पानांच्या साधारण तीन जोड्या आणि त्यांची टोकं गोलसर, कासविंद्याला चार ते सहा जोड्या आणि टोकं अणकुचीदार. नावानेही असाच घोटाळा होतो: घेटुळी आणि खापरा या दोघांनाही लोक पुनर्नवा म्हणतात. भाजी म्हणून आणि सुजेवर दोन्ही चालतात अशी समजूत आहे, पण वनस्पती वेगवेगळ्या आहेत आणि एकीचा अनुभव दुसरीच्या खात्यावर मांडता येत नाही.

६. ‘तुमची परीक्षाच चुकीची आहे’

परंपरेच्या बाजूने घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा: लोकवैद्य नुसती पूड देत नाही, तो काढा करतो, पथ्य सांगतो, माणूस पाहून मात्रा बदलतो. कॅप्सूलमध्ये भरून केलेली परीक्षा त्याच्या औषधाची नसतेच. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून परीक्षा नको असा निष्कर्ष निघत नाही. लोक जसं वापरतात तसंच तपासावं, असा निघतो. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात नेमकं हेच झालं. संशोधकांनी प्रयोगशाळेपासून सुरुवात न करता घरोघर जाऊन विचारलं: मुलाला मलेरिया झाला तेव्हा काय दिलं आणि पुढे काय झालं? उत्तरांत उठून दिसला पिवळ्या धोतऱ्याच्या पाल्याचा काढा. हेही मूळचं मेक्सिकोचं तण, आपल्या पडीक रानांत सर्वत्र दिसणारं. मग घरच्यासारखाच काढा करून आधी मात्रा ठरवली, नंतर आधुनिक औषधाशी तुलना केली. ३०१ रुग्णांच्या या चाचणीचा निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला: लहान मुलांत आजार गंभीर होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जेमतेम २ टक्के. दुसरं औषध देण्याची वेळ मात्र काढा घेणाऱ्यांवर जास्त वेळा आली.

हा निकाल उचलून गडचिरोलीत लावता येणार नाही. मालीत मलेरिया इतका सर्रास आहे की तिथल्या शरीरांना त्याची थोडीफार सवय झालेली असते, आणि काढ्याने जंतू पूर्ण जातातच असं नाही. पण तपासायची पद्धत उचलता येते. आणि याच झाडाच्या बियांची दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही: त्या मोहरीत मिसळल्या गेल्याने १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची साथ आली, ६०हून अधिक माणसं दगावली. पाल्याची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणून बीही उत्तीर्ण होत नाही. ‘अमुक वनस्पती औषधी आहे’ हे विधानच अपुरं आहे. कोणता भाग, कसा शिजवून, किती, कुणाला, कशासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. जुन्या जाणत्या बाया हे सगळं सांगत असत. ते गाळून फक्त वनस्पतीचं नाव आणि रोगाचं नाव मोबाइलवर पुढे ढकललं जातं, तेव्हा परंपरेचाही अपमान होतो आणि माणसाचा जीवही धोक्यात येतो.

७. आजच्या बांधावर

मजुरी वाढली, मजूर मिळेनात, म्हणून खुरप्याची जागा तणनाशकाने घेतली. त्यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. निंदणीचा खर्च आणि पिकाचा भाव यांचं गणित त्यालाच सोडवायचं असतं. पण परिणाम दोन आहेत. एक, रोप हातात धरून ओळखण्याची जी शाळा खुरपणीत भरायची ती बंद पडते आहे. त्यामुळे कासविंदा आणि टाकळा यांतला फरक सांगणारं माणूस गावात कमी होतं आहे. रानभाज्यांचे महोत्सव भरतात हे चांगलंच, मात्र तिथे जुडी बांधून आलेली भाजी दिसते. रोप कुठे उगवतं, कोवळं कधी आणि जून कधी, त्याच्या शेजारी त्याच्यासारखं दिसणारं विषारी काय असतं, हे शेतातच कळतं. शाळांनी पावसाळ्यात एखादी शिवारफेरी खुरपणाऱ्या बाईलाच शिक्षिका करून काढली, तर हे ज्ञान टिकायला त्याची मोठी मदत होईल.

दुसरा परिणाम थेट औषधावर होतो. ग्लायफोसेटसारखं तणनाशक पानांतून मुळांपर्यंत हळूहळू उतरतं. फवारल्यानंतर तण पिवळं पडायला बरेचदा आठवडाभर लागतो, आणि तोवर माका, घोळ, कुर्डू, केना सगळं हिरवंगार, टवटवीत दिसतं. पानाकडे पाहून, हुंगून, चुरगळून काहीच कळत नाही. दुसऱ्याच्या बांधावरचा पाला भाजीसाठी किंवा औषधासाठी खुडायचा असेल, तर त्या बांधावर पंप कधी फिरला हे आधी त्या शेतकऱ्यालाच विचारावं लागतं. आणि रस्त्याकडेच्या किंवा रेल्वेरुळांलगतच्या तणाबाबत हे विचारायला कुणीच नसतं, म्हणून ते पोटात घेऊच नये.